लक्ष वाटल्या जाते

माय, तू गेली त्याले अकरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुले कधी वाईट बोलली नाही. मेलेल्या माणसाले बोलू नये म्हणतात. पण आज बोलणार आहे, ऐकून घे. तुले लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणजे तू असती तरी ही चिठ्ठी कोणाले तरी वाचून दाखवावी लागली असती, अन् आपल्या घरात वाचून दाखवणारी मी एकटीच होती. माह्याहून मोठी असून ताई नव्हती. ताई काहून नव्हती, त्याच्यासाठीच हे सगळं लिहून राह्यली.

माह्या नोकरीची ऑर्डर आली तो दिवस घे. तू अंगणात बसून सुपात लाखोळीची डाळ पाखडत होती. मी कागद वाचून दाखवला, की बैहरच्या सरकारी ऑफिसात बाबूची जागा, संविदावर, म्हणजे दर वर्षी नवा कागद. तू सूप खाली ठेवलं, हात पदराले पुसले, कागद उलटा धरला अन् डोळ्याले लावला. शेजारची काकू म्हणे, 'बालाघाटहून बैहर म्हणजे दोन घंटे जायले अन् दोन घंटे यायले. पोरीचं लग्न ठरलं आहे, उद्या लेकरंबाळं झाली तं कसं करन?' तू तिच्यावर अशी खेकसली, बापा! 'लेकरू माह्या पदरात टाकन अन् बसमध्ये बसन. मी अर्ध्या खाणीची लेकरं पाळली, हिचं एक जड होईन का मले?' मग माह्याकडे पाहून म्हणाली, 'नवरा सुटला तं सुटला, नोकरी सोडू नको.' आपण सगळे हसलो होतो. त्याच्यानंतर दीड वर्षात तू साखरेच्या बीमारीनं गेली. पदर घेऊन गेली, शब्द इथंच राहिला.

माहं लेकरू झालं ते लग्नाच्या दहाव्या वर्षी. दहा वर्षं लोकांचं ऐकून घेतलं ते वेगळंच, ते आज लिहीत नाही. पोरगी झाली. तुह्यासारखं नाक आहे, बसकं. सहा महिन्यांची सुट्टी संपली अन् ऑफिसातून फोन आला, 'मॅडम, ज्वाइन कर रहीं हैं कि नहीं, बता दीजिए, लाइन में बहुत लोग हैं.' आमचे हे रायपूरले नोकरीवर, शनिवारी येतात, सोमवारी पहाटे जातात. ते म्हणे, 'सोडून दे ना, काय अडलं आहे?' काय अडलं आहे! माहं सगळं आयुष्य अडलं आहे त्या एका कागदात, हे मी कोणाले समजावून सांगू? तुलेच तेवढं माहीत होतं, अन् तू मरून बसली.

पहिले सासू आल्या, खैरलांजीकडून. माणूस चांगलं, पोरीले अंगाखांद्यावर घेतलं, पण आषाढ लागला तसं त्यांचं मन घरात ठरे ना. सकाळ-संध्याकाळ एकच, 'धानाचा रोवणा आला, रोवणा आला.' एक दिवस थैली भरली अन् म्हणाल्या, 'धान थांबत नाही बाई, लेकरू थांबते.' त्या गेल्या. मग मी शाळांमध्ये फिरली. आता गल्लीगल्लीत प्ले स्कूल निघाल्या आहेत, भिंतीवर ससे अन् फुगे. तिथली मॅडम म्हणे, 'तीन साल के बाद लाइए, और सूसू बोलना आना चाहिए.' म्हटलं, बाई, तीन वर्षांची झाली अन् सूसू सांगायले लागली की मग तुही गरजच काय? अंगणवाडीत गेली तं तिथं खिचडीपुरतं घेतात, एक वाजता घरी. एक वाजता मी बैहरले फायलींत असते.

मग एक बाई भेटली, वॉर्डातलीच, गोड बोलणारी. दीड महिना नीट चाललं. मी बैहरहून फोन करे तं म्हणे, 'सोई है मॅडम, खा के सोई है.' अन् एक दिवस दुपारी शेजारणीचा फोन आला, 'आपकी बच्ची बहुत देर से रो रही है, बाहर से ताला लगा है.' माय, त्या वेळी बैहरहून घाट उतरणारी बस नव्हती. मी जीपमध्ये बसली, पण जीप भरल्याशिवाय निघत नाही, तुले माहीत आहे. तीन सवाऱ्या कमी होत्या. मी म्हटलं, तिघांचे पैसे मी देते, चल भाऊ. तरी त्यानं घाटाच्या आधी चहाले गाडी थांबवली. तो चहा फुंकून-फुंकून पिऊन राह्यला अन् मी रस्त्यावर उभी. फोनवर शेजारीण खिडकीच्या जाळीतून माह्या पोरीशी बोलून राह्यली, 'देख बेटा, इधर देख, बिस्कुट', अन् मागून माह्या पोरीचं रडणं. ते रडणं रडण्यासारखं नव्हतं राहिलं, नुसती उचकी. घरी पोचली तोवर ती बाई बाजार करून आलती, कुलूप काढून पोरीले मांडीवर घेऊन बसलती. म्हणे, 'बस पाँच मिनट को गई थी मॅडम.' मी तिले मारलं, माय. खोटं काहून सांगू, एक ठेवून दिली अन् तिची चप्पल गल्लीत फेकली.

त्या दिवसापासून जो भेटे तो एकच म्हणे, 'तुही माय असती तं हे दिवस आले नसते.' मलेही तसंच वाटे. तू म्हणजे लेकरं सांभाळण्यातली मोठी मास्तरीण. आपल्या त्या खाणीवर, जी आता बंद पडून पाण्यानं भरली आहे, तिथं ठेकेदाराच्या झूलाघरात तू आया होती. लोखंडी पाइपाले दोरीनं टांगलेले पाळणे, अकरा का बारा. खाणीतल्या बाया सुट्टीत लेकरांले पाजायले येत तं त्यांचे हात, गळा, सगळं दगडाच्या भुकटीनं काळं. तू दाराजवळच बादली ठेवे. ओल्या फडक्यानं आधी त्यांची छाती पुसून देई, मग लेकरू हातात देई. मी अजून आठवते तं मले त्या फडक्याचाच वास येतो, दुधाचा अन् फिनाइलचा. संध्याकाळी तू घरी आली की तुह्या अंगाले तो वास राहे. मी तुह्या कुशीत घुसे अन् तू म्हणे, 'सर वं, बारा लेकरं हलवून आली, आता तेराव्याची ताकद नाही.' हे तू हसून म्हणे. मीबी हसे. पण तेरावी मी होती ना, माय?

एक दिवस मले पक्का आठवतो. मी चार वर्षांची असन. ताईनं मले कडेवर घेतलं अन् तुले दाखवायले झूलाघराच्या तारेपर्यंत नेलं. तू आतमध्ये दोन हातांनी दोन पाळणे हलवत होती अन् पायानं तिसरा. मी 'माय' म्हणून ओरडली. तू पाहिलं. आम्हांले पाहिलं अन् पाळणे सोडले नाही, फक्त मान हलवली, 'जा.' ताई मले घेऊन वापस फिरली. घरी येऊन तू तिले ओरडली, 'किती वेळा सांगू, तिकडे आणू नको हिले? साहेबानं पाहिलं तं उद्या बसवन मले घरी.' तिथल्या मुन्शीनं तुले पहिल्याच दिवशी बजावलं होतं, 'अपना बच्चा मत लाना बाई, ध्यान बँटता है.' हे मी मोठी झाल्यावर तू मले कितीतरी वेळा सांगतलं, गंमत म्हणून, मुन्शीची नक्कल करून.

तं आता ताईचं सांगतो म्हणजे सांगते. पाहय, रागात जीभ पण वळत नाही. कुलूपवाली बाई गेल्यावर मी आठ दिवस बिनपगारी घरी बसली. मग माह्या डोक्यात आलं की ताई आहे ना. भरवेलीले राहते, जावई तिथल्या खाणीतून रिटायर होऊन घरी बसले, पोरं नागपूरले कामाले लागली, ती रिकामी. अन् मले तं तिनंच वाढवलं. एका इतवारी खोव्याची जिलेबी घेतली, एक चांगली साडी घेतली, पोरीले घेतलं अन् गेली. ताई दारातच बसलती. पोरीकडे पाहिलं, साडीच्या पिशवीकडे पाहिलं.

'चहा ठेवते,' म्हणाली. चहा झाला. मी म्हटलं, 'ताई, तुले समजलंच असन मी कायले आली.'

'हौ. साडी पाहूनच समजलं.'

'मग?'

'मग काही नाही. मी नाही ठेवत.'

मले वाटलं मजाक करते. 'काहून वं? काही काम आहे का तुले?'

'काही काम नाही. दिवसभर रिकामीच राहते. टीव्ही पाहते.' पोरगी तिच्या गुडघ्याले धरून उभी राहून राह्यली होती. तिनं तिले हात नाही लावला. 'एक पाळली ना मी. आता नाही.'

माय, माहा तोल गेला. मी काय-काय बोलली, तुह्यासमोर सांगायची सोय नाही. स्वार्थी म्हटलं. अन् शेवटी म्हटलं, 'तूच घरी राहिली होती, माह्यावर कायले उपकार दाखवते? तुहं शाळेत मनच लागत नव्हतं, माय सांगे.'

तिनं रिकामी कपबशी बाजूले सारली. मग म्हणे, 'माहं? मन लागत नव्हतं?' तिले हसू आलं. 'दोनदा गुरुजी घरी आलते. दुसऱ्यांदा आले तेव्हा मी तिथंच बसलती, तू माह्या मांडीवर झोपलती. गुरुजी म्हणे, पोरगी हुशार आहे, चौथीत पहिली येईन. माय म्हणाली, गुरुजी, तिचं मन लागत नाही शाळेत. माह्यासमोर म्हणाली. मी तोंड उघडलं नाही. तू उठली असती.'

नऊ वर्षांची होती ती. तू तिले सांगतलं होतं, एक वर्ष, ही चालायले लागली की तू वापस शाळेत. मी चालायले लागली. मग तू म्हटलं, बोलायले लागू दे. मग म्हटलं, हिले शाळेत टाकू दे. मी शाळेत गेली तेव्हा ताई चौदा-पंधरा वर्षांची झालती, तिच्यासाठी पाव्हणे यायले लागलते. अन् मी शाळेत गेली तं पहिल्याच वर्षी बाराचा पाढा घडाघडा म्हटला. बहिनजीनं मले टेबलावर उभं केलं. तू वस्तीभर सांगत फिरली, 'माही लहानी देवानं दिलेली हुशार.' देवानं नाही, माय. ताई रोज दुपारी मले कडेवर घेऊन शाळेच्या मागच्या भिंतीले उभी राहे. आतमध्ये पोरं म्हणत, बारह एकम बारह, बारह दूनी चौबीस. ती बाहेरून म्हणे. मी तिच्या कानाजवळ म्हणे. हे मले त्या इतवारी समजलं, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी.

अन् हा डावा हात माहा, कोपरापासून भाजलेला. मी भाताच्या पेजेत घातला होता, तीन वर्षांची असताना. त्याच्यासाठी तू ताईले चिमट्यानं मारलं होतं. आपल्या घरात मी किती लाडाची होती हे सांगायले ही गोष्ट तू पाव्हण्यांले सांगे! बारा वर्षांच्या पोरीनं भात शिजवायचा, पेज काढायची, अन् लेकरूही पाहायचं, अन् हात भाजला तं मार तिनंच खायचा. मग चौदा एप्रिलले, जयंतीच्या दिवशी तू पांढरी साडी नेसून मिरवणुकीत सगळ्यात पुढे, फोटोले हार घालून बायांले सांगे, 'पोरींले शिकवा, उपाशी राहा पण शिकवा.' तुह्या मागं एक पोरगी उभी राहे, कडेवर मले घेऊन. तुह्या घशात तो शब्द अडकला कसा नाही एकदाही?

मले माहीत आहे तू काय म्हणशील. बाबा तं दारूत गेले, खाण सोडली असती तं तिघी उपाशी मेलो असतो. झूलाघर होतं पण खाणीत दगड फोडणाऱ्या बायांच्या लेकरांसाठी, आयाच्या लेकरासाठी नाही. हौ, मानलं. सगळं मानलं. जगायले तं खोटं बोलावंच लागते. पण तू लोकांसाठी खोटं बोलली ते बोलली, मलेबी तेच खोटं पाजून मोठं केलं. छत्तीस वर्षं मी ताईले डोक्यानं कमी समजत आली. तिच्या पोरांच्या लग्नात मी पाकीट देऊन, फोटो काढून वापस येई. मनात म्हणे, शिकली असती तं अशी राहिली नसती.

निघताना तिनं साडीची पिशवी माह्या हातात वापस दिली. 'साडी ने. जिलेबी ठेव, हे खातात.' फाटकापर्यंत आली अन् पोरीच्या झबल्याचं सुटलेलं बटन लावून दिलं. 'दुसरी कोणी भेटन तुले,' म्हणाली. 'चांगली भेटन.'

अन् भेटली, माय. खरंच चांगली भेटली. नदीकडच्या वस्तीत राहते, हिंदी-मराठी मिसळून बोलते, हात साफ, आवाज हळू. तिले तीन लेकरं. मी त्या कुलूपवालीनं पोळलेली, म्हणून पहिल्याच दिवशी समोर बसवून सगळं पक्कं केलं. वेळेवर यायचं, मोबाइल पाहायचा नाही, कुलूप लावून जायचं नाही. अन् म्हटलं, 'तुहं लेकरू सोबत आणायचं नाही. लक्ष वाटल्या जाते.' ती म्हणे, 'जी मॅडम.' मले त्या वेळी काहीच आठवलं नाही. तोंडातून असं निघालं की जसं माहंच आहे.

सात महिने झाले. माही पोरगी आता गुटगुटीत झाली, तिले मावशी म्हणते, ती आली की माह्या कडेवरून उडी मारते. मी बैहरले निवांत फायली पाहते. या वर्षीचा कागदबी मिळाला. साहेब म्हणे, 'अब आप टाइम पे आती हैं.' गेल्या महिन्यात मले ताप आला म्हणून मी घरीच होती, आतल्या खोलीत. दुपारी खिडकीतून पाहिलं तं फाटकाबाहेर एक पोरगी उभी. नऊ-दहा वर्षांची, केस विंचरलेले नाही, कडेवर वर्षाभराचं लेकरू, लेकरू रडून राह्यलं. माही पोरगी मावशीच्या मांडीवर वरण-भात खात होती. त्या बाईनं वर पाहिलं. घास हातातच ठेवला अन् मान हलवली, 'जा.' पोरगी लेकराले दुसऱ्या कडेवर घेऊन वापस गेली. मी खिडकीचा पडदा सोडला अन् पडून राहिली.

त्या दिवसापासून रोज ठरवते, उद्या सांगीन. तुहं लहानं इथंच आण, मोठीले शाळेत पाठव, दोन लेकरं एका घरात खेळतीन, काय बिघडते? मग वाटते, त्याले खोकला असला तं? माह्या पोरीले लागला तं? तिचं लक्ष सगळं त्याच्याकडेच गेलं तं? आपलं ते आपलंच असते, कोणतीही माय आपल्याच लेकराले आधी पाहीन. तू नाही पाहिलं, ते सोड. अन् ती रागावून गेली तं मी पुन्हा कोणाच्या दारात उभी राहू? ताईच्या तं नाही. असं करत महिना गेला.

आज सकाळी म्हटलं, होऊन जाऊ दे. ती आली, चप्पल काढली, हात धुतले, पोरीचं दूध गाळायले बसली. मी पर्स खांद्याले लावली अन् विचारलं, 'तुही मोठी शाळेत जाते ना?'

तिनं मान वर नाही केली. 'नहीं मॅडम,' म्हणाली. 'तिचं मनच नाही लागत शाळेत.'

'हौ का,' म्हटलं मी. पोरीची पापी घेतली अन् साडेसातची बस पकडली. खिडकीजवळ जागा भेटली. बस सुटली तशी ऑफिसच्या रजिस्टरातले दहा-बारा कोरे कागद काढले अन् हे लिहायले लागली. तुले शिव्या द्यायच्या होत्या, म्हणून लिहायले बसली होती. आता बैहर आलं. उतरायचं आहे, अन् एक गोष्ट राहिली, ती ताईलेबी सांगणार नाही, कोणालेच नाही. तिनं तसं म्हटलं ना, माय, तेव्हा मले लय बरं वाटलं.